हॉस्पिटलचा रिव्ह्यू, फक्त ऑक्सिजनपुरता

हॉस्पिटलचं नाव टाकणार नाही, कारण डॉक्टर चांगले होते, आमचे वडील, आण्णा, बरे होऊन घरी आलेत आणि पुढच्या वेळी बहुतेक परत तिथंच जावं लागणार आहे. जेवण कसं, पार्किंग मिळतं का, काउंटरवरची मुलगी कशी बोलते यावर ढीगभर रिव्ह्यू पडलेत, पण पेशंट ज्याच्यावर अक्षरशः जगत असतो त्या ऑक्सिजनवर कोणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून हा उद्योग. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत युटिलिटीला आहे, कॉम्प्रेसर, एअर लाईन, नायट्रोजन हेच रोजचं काम, त्यामुळे वॉर्डात शिरलो की माझी नजर आधी भिंतीवरच्या पाईपाकडे जाते. बायको म्हणते जरा पेशंटकडे पण बघा.

आण्णांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार, दम लागतो. उभा जन्म गुऱ्हाळावर चुलवाणापुढे गेला, वर बिडी. यंदा थंडीत छाती भरली, न्यूमोनिया झाला, घरच्या ऑक्सिमीटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) ८१ दिसायला लागलं आणि रात्रीच गाडी काढली.

कॅज्युअल्टीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आधार कार्ड, फॉर्म, डिपॉझिट सगळं नंतर, आधी ऑक्सिजन. आणि नुसता लावला नाही, ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, काका, जुना दम्याचा त्रास आहे का, बिडी ओढायचे का, आणि हो म्हटल्यावर साधा मास्क काढून रंगीत तोटीचा व्हेंच्युरी मास्क लावला. त्या तोट्यांचे रंग ठरलेले असतात, प्रत्येक रंगाला टक्के ठरलेले, २४, २८, ३५ असे, म्हणजे पेशंटला मोजून तेवढाच ऑक्सिजन जातो. सीओपीडीवाल्यांना सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवतात, ९८-९९ करायला जायचं नसतं, जास्त दिला तर काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. हे त्या पोराने मला रात्री दीड वाजता उभ्या उभ्या समजावलं, आवाज न चढवता. मोठ्या मोठ्या ठिकाणी हे सांगायला कोणाला वेळ नसतो.

आता मागची बाजू. सकाळी चहाला म्हणून खाली गेलो तर बिल्डिंगच्या मागे जाळीच्या कुंपणात उभी पांढरी टाकी आणि तिच्या बाजूच्या वेपोरायझरच्या (लिक्विडचा गॅस करणाऱ्या) पाईपांवर बोटभर बर्फ. टाकीत ऑक्सिजन लिक्विड असतो, उणे १८३ डिग्रीला, एक लिटर लिक्विडचा साधारण ८६० लिटर गॅस होतो, म्हणून एवढ्याशा टाकीवर अख्खं हॉस्पिटल चालतं. त्या व्यवस्थेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिला लाईट लागत नाही, बाहेरच्या हवेच्या उष्णतेनेच लिक्विडचा गॅस होतो आणि रेग्युलेटरमधून चार बारच्या आसपास प्रेशरने वॉर्डात जातो, लाईट गेली, जनरेटर बंद पडला तरी ऑक्सिजन चालू. शेजारी पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) पण आहे, कोविडनंतर घेतलेला, ताडपत्री टाकून बंद. त्याचं मला वाईट वाटलं कारण ते माझ्या लाईनीतलं मशीन, हवा दाबायची, झिओलाइटच्या टाक्यांतून सोडायची, नायट्रोजन अडकतो आणि ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन बाहेर येतो. पण हवेतलं पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल आधी नीट काढलं नाही तर झिओलाइटची वाट लागते, ड्रायर आणि फिल्टर वेळेवर बदलायला लागतात, आणि मशीन घ्यायला पैसे मिळतात, फिल्टरला कोणी देत नाही, आमच्या कंपनीत पण तीच तऱ्हा. हेच मशीन नीट चालवलं तर काय होतं ते नंदुरबारने दाखवलंय, तिथले तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारुड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच जिल्ह्यात पीएसए प्लांट उभे केले होते, त्यामुळे बाकी जिल्हे टँकरची वाट बघत होते तेव्हा तिथं बऱ्यापैकी निभावलं.

टाकीला लागून मॅनिफोल्ड रूम. जंबो बाटल्यांच्या दोन रांगा, काळं अंग पांढरा खांदा, एक रांग चालू एक राखीव, टाकीला काही झालं तर लाईन यांच्यावर जाते. एका जंबोत साधारण ७००० लिटर गॅस असतो, ऐकायला खूप वाटतो पण एक पेशंट १० लिटरच्या मास्कवर असेल तर बारा तासही पुरत नाही, आणि आयसीयूत हाय फ्लोवर दोन-चार जण असले की मग विचारूच नका. बाटल्यांना साखळी होती, रिकाम्या बाजूला काढून खडूने फुल्या मारल्या होत्या, चांगलं वाटलं. खटकलं ते असं की त्याच खोलीत जुन्या गाद्या आणि सलाईनचे पुठ्ठे रचलेले, आणि खिडकीत तेलाचा कॅन. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल ग्रीस अजिबात चालत नाही, तेल पेट घेतं, आमच्याकडे तेलकट हाताने ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला हात लावला तर सेफ्टीवाला गेटच्या बाहेर काढेल. मी मॅनेजरला सांगितलं, कॅन तासाभरात हलला, गाद्या मात्र आम्ही डिस्चार्ज घेईपर्यंत तिथंच. आणि कुंपणाला टेकून नातेवाईक बिड्या ओढत उभे, वर धूम्रपान निषिद्धचा बोर्ड. वॉचमन त्यांच्याशीच गप्पा मारतोय.

मॅनिफोल्डवाल्या मामांशी बरीच ओळख झाली, मी पण पाना धरणारा माणूस म्हटल्यावर खुलले. म्हणाले, "साहेब, टाकी भरल्याली आसंल तर मला काय काम न्हाई. टँकर भरत आसतोय तवा आन् रांग बदलताना, ह्या दोन टायमाला मी चा प्यायला बी जात न्हाई."

माझं पण हेच मत आहे आणि या सगळ्या रिव्ह्यूत मला हेच सांगायचंय. ऑक्सिजन पार संपला म्हणून अडतं त्यापेक्षा जास्त वेळा तो एकीकडून दुसरीकडे बदलताना अडतं. टाकीवरून बाटल्यांवर, बेडवरून ट्रॉलीवर, हॉस्पिटलमधून घरी, जिथं जोड बदलतो तिथं घोळ. नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकिर हुसेन हॉस्पिटलात टाकी रिकामी नव्हती, टाकीच्या जोडणीतून गळती झाली, लाईनचं प्रेशर पडलं आणि किमान २२ पेशंट गेले. पुढच्याच महिन्यात गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात ट्रॉलीवर लादलेल्या बाटल्यांवर लाईन चालवत होते, एक ट्रॉली संपून दुसरी जोडेस्तोवर प्रेशर खाली, आणि कितीतरी मृत्यू पहाटे दोन ते सहाच्या दरम्यानचे, हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापर्यंत विषय गेला आणि मग मोठी टाकी बसली. देशात तेव्हा ऑक्सिजन होता हो, स्टील प्लांटांत होता, पण तो होता लांब आणि आणायला पुरेसे क्रायोजेनिक (अतिथंड लिक्विड नेणारे) टँकर नव्हते, म्हणून तर कळंबोलीवरून रिकामे टँकर रेल्वेच्या वॅगनवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले आणि भरून नागपूर-नाशिकला आणले. तेव्हा मी रोज बातम्या बघत होतो आणि आमचे मॅनेजर म्हणत होते आपल्या वेल्डिंगचे बाटले पण उद्या न्यायला येतील. आले पण.

तर या हॉस्पिटलमध्ये बदलताना काय होतं ते बघायला मिळालं. एका रात्री टँकर उशिरा, टाकीची पातळी खाली, म्हणून लाईन बाटल्यांवर घेतली. नर्सिंग काउंटरच्या बाजूला भिंतीवर अलार्म पॅनल आहे, त्याचा लाल दिवा लागला आणि पीं पीं सुरू झालं. सिस्टरने आवाज बंद केला (हे सगळीकडेच करतात, आधी आवाज बंद) पण लगेच फोन उचलून खाली मामांना विचारलं, मग आयसीयूला विचारलं, आणि वॉर्डातल्या प्रत्येक बेडपाशी जाऊन फ्लोमीटर बघून आली. दहा मिनिटात दिवा हिरवा. आण्णांच्या फ्लोमीटरची गोळी हललीसुद्धा नाही. रात्री ड्युटीवर माणसं कमी असतात, दोन सिस्टर आणि एक मामा, तरी हे झालं म्हणून मला त्या वॉर्डाचं कौतुक आहे.

वॉर्डातलं बेडशेजारचं सामान मात्र जुनं. फ्लोमीटर म्हणजे ती काचेची नळी ज्यात गोळी तरंगते, गोळीच्या मध्यावर जो आकडा तो लिटर पर मिनिट, खाली पाण्याची बाटली म्हणजे ह्युमिडिफायर, ऑक्सिजन कोरडा असतो म्हणून पाण्यातून बुडबुडे काढत नेतात. व्हेंच्युरी काढून आण्णांना नाकातल्या नळीवर घेतलं तेव्हा संध्याकाळी गोळी बरोबर ४ वर आणि बाटलीत एक बुडबुडा नाही. सॅच्युरेशन ८६. मी कान लावला तर बाटलीच्या झाकणापाशी फुस्स आवाज, झाकण आडव्या आट्यात बसलेलं, सगळा गॅस तिथून बाहेर, नाकात काही नाही. सिस्टर आली, "काका, तुम्ही हात लावू नका, मी बदलते," नवीन बाटली लावली, बुडबुडे सुरू, दोन-तीन मिनिटात ९०. म्हणजे खाली लाखोंची टाकी आणि अडलं कुठं तर शेदोनशे रुपयाच्या प्लास्टिकच्या आट्यात. तुमचं कोणी अॅडमिट असेल तर गोळीकडे बघून समाधान मानू नका, बुडबुडे बघा, आणि नळी पेशंटच्या कुशीखाली किंवा बेडच्या दांडीत दबली नाही ना ते बघा, लगेच सिस्टरला सांगा. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालतात का हे पण विचारा, आमच्याकडे कॅनवर लेबल नव्हतं, विचारल्यावर नवीन सीलबंद कॅन आला. बाटलीवर बदलल्याची तारीख कुठंच नव्हती.

फ्लोमीटरचं नॉब कोणीही फिरवू शकतं हा दुसरा प्रॉब्लेम. शेजारच्या बेडवरच्या आजोबांना पण सीओपीडी, त्यांचा मुलगा मुंबईहून आलेला, सॅच्युरेशन ८९ बघून घाबरला आणि परस्पर नॉब १० वर. त्याच्या दृष्टीने चांगलंच केलं त्याने. तासाभरात आजोबा गुंगल्यासारखे झाले, हाका मारल्या तर नुसतं हूं. आरएमओ (वॉर्डाचे ड्युटी डॉक्टर) धावत आले, एबीजी म्हणजे रक्तातल्या गॅसची तपासणी काढली, बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन लावलं, सकाळपर्यंत आजोबा जागेवर आले. त्या मुलाला सिस्टरने सगळ्यांसमोर झापलं आणि मग प्रत्येक सीओपीडीच्या बेडला पुठ्ठ्यावर मार्करने लिहून लावलं, "टार्गेट ८८-९२, नॉबला हात लावू नये." हे पुठ्ठे अॅडमिशनच्या वेळेलाच लावा की, एवढं माझं म्हणणं.

सीटीला न्यायचं होतं तेव्हा बी टाईपचा छोटा बाटला. यात साधारण १५०० लिटर, भरलेला असेल तर २ लिटरवर बारा तास जाईल, पण १५ लिटरच्या रिझर्व्हायर (पिशवीवाल्या) मास्कवर शंभर मिनिटात खलास, आणि वॉर्डातला छोटा बाटला पूर्ण भरलेला असतो असं कोण म्हणतं. आमच्या वॉर्डबॉयने, वय असेल पंचावन्नच्या पुढे, बेडचे लॉक काढायच्या आधी बाटला उघडला, गेज बघितलं, काटा लाल पट्ट्याच्या जरा वर, आणि म्हणाला, "ह्यो न्हाई चालत, दुसरा आणतो." डॉक्टर म्हणाले अरे पाचच मिनिटाचं काम आहे, सीटीवाले थांबलेत. तो म्हणाला, "लिफ्ट अडकली तर, सर?" आणि गेला. लिफ्ट नाही अडकली पण सीटीच्या बाहेर पाऊण तास थांबावं लागलं, आधीचा पेशंट अॅक्सिडेंटचा होता. बाटल्याची चावी त्याने स्वतःच्या करदोट्याला बांधली होती, म्हणाला वॉर्डात ठेवली की जाते. या माणसासाठी एक स्टार वेगळा. एमआरआय असेल तर हा लोखंडी बाटला आत न्यायचाच नसतो, २०१८ साली मुंबईत नायर हॉस्पिटलात बाटला घेऊन आत गेलेला नातेवाईक मशीनने ओढला जाऊन जीवानिशी गेला होता, तरी आपल्याकडे नातेवाईकाच्या हातात बाटला द्यायची सवय काही जात नाही.

बिल. ऑक्सिजन तासावर लावतात, दोन लिटर घ्या नाहीतर पंधरा, तासाचा रेट तोच. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बाटल्यातल्या ऑक्सिजनला भरणाऱ्याकडची कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवली होती, जीएसटी वेगळा. दोन लिटरच्या हिशोबाने तासाला १२० लिटर, म्हणजे त्या भावाने तीन रुपयांचा गॅस. बिलात तासाला शंभराच्या वर. टाकी, पाईप, मामांचा पगार, रात्रीची राखीव रांग हे सगळं त्यातच येतं हे मला कळतं, मी त्यावर वाद घालणार नाही, पण किती लिटरवर किती तास हे तरी लिहा. शेवटच्या दोन दिवसात आण्णा निम्मा वेळ बिनाऑक्सिजनचे होते, सिस्टरच्या चार्टवर तसं लिहिलेलं, आणि बिलात मात्र चोवीस तास. चार्ट दाखवला, काउंटरवरच्या मुलीने कुरकुर न करता कमी केलं. तुम्ही पण चार्टचा फोटो काढून ठेवा.

एकूण हॉस्पिटलला पाचपैकी साडेतीन, आणि करदोटेवाल्या वॉर्डबॉयचा एक वेगळा. अर्धा गाद्यांमुळे गेला.

घरी येताना डॉक्टरांनी रोज पंधरा-सोळा तास १ ते २ लिटरवर ठेवायला सांगितलंय, म्हणून कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरातल्या हवेतून ऑक्सिजन काढणारं छोटं मशीन, भाड्याने घेतला, पाच लिटरचा. आता त्या दुकानाबद्दल. महिन्याला साडेचार हजाराच्या आसपास, डिपॉझिट वेगळं, मशीन त्याच दिवशी आणून दिलं हे चांगलं. आणणाऱ्या पोराने प्लग लावला, चालू झालं, सही घेतली आणि निघाला. मी थांबवला. मशीनवर किती तास चाललंय त्याचा मीटर असतो, तो बघितला, दहा हजाराच्या वर. मग शुद्धता मोजायचं यंत्र आहे का विचारलं तर म्हणे दुकानात आहे. मी म्हटलं घेऊन ये मग सही. संध्याकाळी मालक स्वतः यंत्र घेऊन आले, ५ लिटरवर ८४ टक्के दाखवलं, २ लिटरवर ९१. पाच लिटरला नव्वदीच्या आसपास तरी पाहिजे. मालकांनी दुसऱ्या दिवशी दुसरं मशीन दिलं, ते ९३ वर आहे, वाद घातला नाही, त्याबद्दल त्यांना मानलं. पण न विचारणाऱ्यांच्या घरी ते पहिलं मशीन कुठंतरी चालू असणार.

बाकी घरच्यांसाठी दोन-चार गोष्टी ज्या दुकानदार सांगत नाही. मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, चोवीस तास चाललं तर महिन्याला अडीचशे युनिट, बिलाची तयारी ठेवा. आमच्याकडे लाईट जाते म्हणून एक बी टाईप बाटला भरून कपाटाशेजारी दोरीने बांधून ठेवलाय, साध्या इन्व्हर्टरवर मशीन सुरू होताना ट्रिप होतं, मोठा इन्व्हर्टर लागतो. मागची जाळी आठवड्याला धुवायची. मशीन भिंतीला चिकटवायचं नाही, त्याला हवा लागते. आईने देवघर त्याच खोलीतून हलवायला नकार दिला, मग मशीन आणि आण्णा दोघंही बाहेरच्या खोलीत आले, निरांजन आतच राहिलं. नाकाला नळी घासून कोरडं पडतं म्हणून आई व्हॅसलिन लावत होती, ते बंद केलं, तेलकट काही नको, पाण्याच्या बेसचं जेल मिळतं मेडिकलमध्ये. मशीनचा आवाज म्हणजे रात्रभर घरघर, आण्णांचं म्हणणं आहे की गुऱ्हाळातल्या चरकाच्या आवाजात आयुष्यभर झोपलो, हे काय मग.

दुकानाला चार. सर्व्हिसला फोन केला की रविवारी उचलत नाहीत, हा एक कमी. डिपॉझिट किती दिवसात परत मिळतं ते मशीन परत केल्यावर कळेल, तेव्हा इथंच खाली लिहीन.